सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचा दम

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक आधी घोड्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो. कानांची टोके एकमेकांना भिडतात का, ते बघतो. कपाळावरचा भोवरा कुठे आहे, गळ्यावर देवमण आहे का, डोळ्याखाली आसूढाळ तर नाही, हे हात फिरवून तपासतो. चारी पाय आणि कपाळ पांढरे असेल तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो. ओठ वर करून दात पाहिले जातात, खूर उचलून तळवा पाहिला जातो, उंची इंचांत मोजली जाते. शेवटी चाबूकस्वार पाठीवर बसतो आणि रवाल चाल दाखवतो. पाठीवरच्या माणसाला हिसका म्हणून बसू नये, इतकी ती चाल सपाट हवी. मग सौद्याची बोलणी सुरू होतात.

या साऱ्या तपासणीत एक गोष्ट बहुधा राहून जाते. घोडा श्वास कसा घेतो आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही. लाखांचा व्यवहार ठरतो, पण नाकपुडीसमोर मिनिटभर उभे राहून, घड्याळ लावून श्वास मोजणारा गिऱ्हाईक विरळा. माझ्या मते या बाजारातली ही सर्वांत महागात पडणारी हयगय आहे. दिवाळीच्या अमावास्येनंतर दीड महिन्याने मार्गशीर्ष पौर्णिमा येते आणि त्या दत्तजयंतीला हा बाजार भरतो, म्हणजे हा अंक वाचून होईतो राजस्थानात आणि पंजाबात ट्रक ठरवले जात असतील. त्याआधी हा विषय मांडावा, म्हणून हा लेख.

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हा ही यात्राही नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आली. दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघाले की तापीचा पूल ओलांडताच गाव लागते. एकमुखी दत्ताचे मंदिर, दत्तजयंतीची यात्रा आणि यात्रेला जोडून भरणारा घोड्यांचा बाजार, अशी इथली परंपरा. तिला तीन शतकांहून अधिक काळ झाला, असे गावकरी सांगतात. राजस्थानचे मारवाडी, सौराष्ट्राचे काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा, शिवाय मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातून आलेले सौदागर यांनी मैदान भरून जाते. अलीकडच्या वर्षांत चेतक फेस्टिव्हल या नावाने पर्यटनाची जोड मिळाली. घोड्यांच्या शर्यती, नाचकाम, देखण्या घोड्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. त्यामुळे इथला घोडा आता विक्रीपुरता दावणीला उभा राहत नाही. त्याला पळावे लागते, ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलावे लागतात, हजारो माणसांच्या गर्दीत दिवसभर उभे राहावे लागते. ही खेळाडू जनावराची कामे आहेत, आणि खेळाडूची म्हणून जी काळजी घ्यावी लागते ती इथे अजून रुजलेली नाही.

घोड्याच्या श्वासाचे गणित माणसापेक्षा फार वेगळे आहे. आपण धावताना दमलो की तोंड उघडून हवा घेतो. घोड्याला ती सोय नाही. त्याची मऊ टाळू लांब असते आणि स्वरयंत्राला अशी चपखल बसते की तोंडाचा रस्ता श्वासापुरता बंदच राहतो. कितीही दमला तरी जी काय हवा आत जायची ती दोन नाकपुड्यांतूनच. विश्रांतीत तो मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो आणि एका श्वासात पाचेक लिटर हवा आत जाते. भरधाव सुटला की श्वास मिनिटाला १२०च्या पुढे जातात आणि प्रत्येक श्वास १२ ते १५ लिटरांचा होतो. म्हणजे मिनिटाला दीड हजार लिटरांहून जास्त हवा त्या दोन छिद्रांतून आत-बाहेर होते. त्या हवेत जे असेल, धूळ, बुरशी, धूर, दुसऱ्या घोड्याच्या खोकल्याचे तुषार, ते सगळे तितक्याच वेगाने आत जाते.

चौखूर पळताना आणखी एक गोष्ट घडते. श्वास आणि टाप एकाच लयीत बांधले जातात, एका उडीला एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर टेकले की पोटातली आतडी पुढे सरकून छाती-पोटामधल्या पडद्यावर दाब देतात आणि हवा बाहेर पडते. शरीर पुन्हा उचलले गेले की ती मागे जातात आणि हवा आत ओढली जाते. लोहाराच्या भात्यासारखे सारे शरीरच श्वासाला लागते. रवाल चाल चार ठोक्यांची, एका अंगाचे पाय पाठोपाठ टाकण्याची. तिथे श्वास आणि पाय यांची इतकी घट्ट गाठ नसते. म्हणून रवाल चालीत झकास दिसलेला घोडा भरधाव पळवला की त्याच्या श्वासातला दोष उघडा पडू शकतो. खरेदी करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

पळायला लागला की घोड्याची प्लीहा साठवून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. एरवी रक्तात पेशींचे प्रमाण ३५-४० टक्के असते, ते ६० टक्क्यांच्या वर जाते. विश्रांतीत मिनिटाला ३०-४० असणारे हृदयाचे ठोके २२०पर्यंत चढतात. रोजच्या मेहनतीने हृदय बळकट होते, स्नायू भरतात, हाडेही घट्ट होतात. फुप्फुसांचे मात्र तसे नाही. कितीही फिरवा, कितीही पळवा, घोड्याचे फुप्फुस मेहनतीने वाढत नाही. जन्मजात जे मिळाले तेवढेच भांडवल. ते वाढवता येत नाही, फक्त जपता येते. दूध, तूप, गूळ, बदाम यांनी घोड्याच्या अंगावर तकाकी येते आणि बाजारात त्या खुराकाच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगितल्या जातात. त्या मालकांचे प्रेम खरे आहे. पण धुळीने खराब झालेले फुप्फुस त्या खुराकाने सुधारत नाही.

धूळ हे सारंगखेड्याचे पहिले दुखणे. डिसेंबरात तापीकाठची काळी माती सुकून भुकटी झालेली असते. हजारो टापा आणि चाके तिच्यावरून दिवसभर फिरतात. पहाटे नदीवरून धुके येते, थंडी चांगली झोंबते, मग घोड्यांच्या रांगांमध्येच शेकोट्या पेटतात. मोतद्दार त्या शेकोटीपाशी झोपतो आणि आगाडी-पिछाडीने जखडलेला घोडा धूर सोडून कुठे जाऊ शकत नाही. नंदुरबारच्या माणसाला श्वासातल्या भुकटीचे महत्त्व समजावून सांगायची गरज नाही. याच महिन्यांत शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते आणि तिथे काम करणाऱ्या बाया पदराने नाक-तोंड बांधून काम करतात. ठसका काय असतो हे या जिल्ह्याला ठाऊक आहे.

घोड्याला बाहेरच्या धुळीइतकाच, किंबहुना जास्त, त्रास खाण्यातल्या धुळीचा होतो. कडबा किंवा वाळले गवत ओलसर असताना गंजीत रचले, किंवा अवकाळी पावसात भिजून पुन्हा सुकले, की त्यावर बुरशी धरते. पेंढी झटकली की करडा धुरळा उडतो, त्यात बुरशीचे बीजाणू असतात. गुरे तसला कडबा चघळून टाकतात, घोड्याला तो चालत नाही. त्याच्या श्वासनलिकांना सूज येते, त्या आकसतात, चिकट कफ साठतो. पूर्वी याला वेगवेगळी नावे होती. २०१६ साली अश्ववैद्यकातल्या तज्ज्ञांनी या सगळ्या प्रकारांना मिळून घोड्यांचा दमा हे एकच नाव धरावे असे सुचवले. सौम्य दमा कोणत्याही वयात होतो आणि तो फसवा असतो. घोडा खातो-पितो, ताप नसतो, फक्त कधीतरी खोकतो आणि पूर्वीसारखा पळत नाही. मालक म्हणतो, जनावर आळशी झाले, आणि चाबूक काढतो. मोठा दमा बहुधा सात वर्षांपुढच्या घोड्यांत दिसतो. त्यात उभ्या उभ्याही नाकपुड्या फुगतात, श्वास सोडताना पोट दोनदा आवळले जाते, आणि बरगड्यांच्या खालच्या कडेला स्नायूंची एक तिरकी रेघ कायमची उमटते. अशी रेघ दिसली की तो घोडा धावण्याच्या कामाचा उरलेला नाही, हे पक्के समजावे.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. वैरण पाण्यात बुडवून, निथळून ओलीच द्यायची. अर्धा तास पुरतो. मात्र आपल्या हवेत भिजवलेली वैरण काही तासांत आंबते, म्हणून उरलेली टाकून द्यायची, संध्याकाळसाठी ठेवायची नाही. चंदीचा हरभरा आणि भुसा ओलवून द्यायचा. तोबऱ्याबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण यात्रेत तोबरा सर्रास दिसतो. तोंडाला बांधलेल्या त्या पिशवीत कोरडा भुसा असेल तर घोडा प्रत्येक घासाला त्यातली भुकटी नाकाने ओढतो. तिला बाहेर जायला वाटच नसते. त्याच पिशवीत ओला दाणा असेल तर काही बिघडत नाही. खरारा करायचा तो घोड्याला उघड्यावर आणून, वैरणीजवळ नाही. ठाणावरची ओली घाण रोज काढायची, कारण मुताचा उग्र वास म्हणजे अमोनिया, आणि तो श्वासनलिकेच्या आतल्या केसाळ अस्तराला जाळतो. माणसाच्या नाकाला जिथे झोंबते, तिथे घोड्याने रात्र काढू नये.

वैरणीची ही चिंता आपल्याकडे नवी नाही. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळाभर घोड्यांना दाणा-वैरण पुरवून पुरवून द्या, उधळू नका, गवताच्या गंजींजवळ चुली आणि चिलमी पेटवू नका, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. रयतेला तोशीस पडू नये ही त्या पत्रामागची मोठी तळमळ, पण पागेतले गवत, आग आणि धूर यांकडे इतक्या बारकाईने पाहणारा राजा घोडा ओळखून होता, हेही त्यातून दिसते. ज्या भीमथडी तट्टांनी मराठ्यांच्या मोहिमा वाहिल्या ती अंगाने लहान होती. त्यांचे मोल उंचीत नव्हते. दूर पल्ला गाठण्याच्या दमात होते.

आता ट्रकाकडे वळतो, कारण यात्रेतल्या अनेक आजारांची सुरुवात मैदानात होत नाही, रस्त्यात होते. मारवाडातून किंवा पंजाबातून सारंगखेडा म्हणजे शेकडो किलोमीटरचा प्रवास, कधी हजारांच्या वर. घोडा पडू नये, शेजारच्याला चावू नये म्हणून त्याचे डोके उंच आणि आखूड बांधतात. घोड्याची श्वासनलिका लांब असते, तिच्यातली धूळ आणि कफ बाहेर काढायचा त्याचा नैसर्गिक मार्ग म्हणजे मान खाली घालून फुरफुरणे. चरताना तो दिवसातले कितीतरी तास मान खालीच घालून असतो. ट्रकात ते बंद होते. प्रवास न करता नुसत्या उभ्या घोड्यांचे डोके वर बांधून ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि काही तासांतच श्वासनलिकेत जंतूंची संख्या वाढलेली आढळली. त्यात ट्रकातली धूळ, डिझेलचा धूर, कमी पाणी आणि भीती मिळवा. प्रवासानंतर दोन-तीन दिवसांनी घोड्याला ताप येतो, तो खाणे सोडतो, पाय ओढत चालतो, छातीत पाणी होते. घोडेवाले याला थकवा समजतात. हा बहुतेक वेळा न्यूमोनिया असतो आणि उपचाराला दोन दिवस उशीर झाला तर घोडा हातचा जातो.

चार-पाच तासांनी ट्रक थांबवून, दोर सैल करून, घोड्याला जमिनीजवळ मान नेऊ देणे आणि पाणी पाजणे, एवढ्याने हा धोका पुष्कळ घटतो. पोहोचल्यावर त्याच दिवशी पळवायला काढू नये. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप मोजावा; १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला की डॉक्टर बोलवावा. ताप उतरवणारे इंजेक्शन मनानेच टोचू नये. त्याने घोडा काही तास ताजातवाना दिसतो, आणि त्याच तासांत तो विकलाही जाऊ शकतो.

औषध पाजण्याच्या एका जुन्या रीतीबद्दलही बोलले पाहिजे. घोड्याचे डोके उंच धरून बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने काढा घशात ओततात. गिळण्याआधीच त्यातला काही भाग श्वासनलिकेत उतरतो. तेल असेल तर फारच वाईट. जो घोडा खोकल्याने आजारी होता तो मग औषधाने दगावतो, आणि दोष आजाराला लागतो.

जिथे हजारो घोडे लांबलांबून एकत्र येतात, तिथे संसर्गाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. घोड्यांचा इन्फ्लुएंझा हा त्यातला सर्वांत चपळ. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत ताप आणि कोरडा, खणखणीत खोकला सुरू होतो, आणि त्या खोकल्याचे तुषार दावणीच्या पार टोकापर्यंत जातात. भारतात १९८७मध्ये याची मोठी साथ आली. दुसरी २००८च्या जूनमध्ये जम्मूतल्या कटऱ्यापासून सुरू झाली, जिथे वैष्णोदेवीच्या वाटेवर खेचरे आणि तट्टे यात्रेकरू वाहतात. तिथून ती राज्याराज्यांत पसरत गेली. त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात परदेशातून आणलेल्या घोड्यांबरोबर हा विषाणू विलगीकरण केंद्रातून बाहेर निसटला होता आणि तिथल्या शर्यती, प्रदर्शने, घोड्यांची ने-आण सारेच ठप्प झाले होते. यात्रा आणि घोडा एकत्र आले की काय होऊ शकते, हे कटऱ्याने दाखवून दिले. सारंगखेड्यालाही यात्रा आहे आणि घोडेही आहेत.

या रोगावर लस आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने देशात सापडलेल्या विषाणूपासून लस तयार करण्याचे कामही केले आहे. पण लस यात्रेच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. पहिली मात्रा, काही आठवड्यांनी दुसरी, आणि त्यानंतर शरीराला तयारीसाठी थोडे दिवस, असा तो हिशेब आहे. लस न टोचलेल्यांनी तो आजच मांडायला घ्यावा. आजार झालाच तर विश्रांतीला पर्याय नाही. जितके दिवस ताप, तितके आठवडे काम बंद, असा अश्ववैद्यांचा साधा दंडक आहे. फ्लूने सोललेले श्वासनलिकेचे अस्तर पुन्हा भरून यायला काही आठवडे लागतात. ऐन लग्नसराईत, वरातीच्या सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या असताना, घोडा तीन आठवडे उभा ठेवणे मालकाला किती जड जाते हे मी समजू शकतो. एका वरातीचे पैसे त्याच्या घरच्या महिन्याच्या किराण्याचे असतात. पण खोकणारा घोडा फटाक्यांच्या आणि जनरेटरच्या धुरात नाचवला, तर पुढच्या सगळ्या वराती बुडतात.

दुसरा आजार स्ट्रँगल्स. एका जिवाणूमुळे होतो, तरुण शिंगरांना जास्त गाठतो. ताप, दोन्ही नाकपुड्यांतून पिवळा शेंबूड, आणि जबड्याखाली गाठी, ज्या सुजून फुटतात. हवेपेक्षा तो सामाईक पाण्याच्या टाकीतून, बादलीतून, एकाची मोहरकी दुसऱ्याला घातल्याने जास्त पसरतो. घोड्याच्या घशाशी दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, माणसात त्या नसतात. बरा झालेला, तुकतुकीत दिसणारा घोडाही त्या पिशव्यांत महिनोन्महिने जंतू बाळगून असू शकतो. म्हणून स्वतःची बादली बरोबर नेणे आणि ती कोणाला न देणे, यात कंजूषपणा नाही. पाणी मागणाऱ्या शेजाऱ्याला नको म्हणणे आपल्याकडे अवघड वाटते. पाणी द्यावे, बादली देऊ नये.

तिसरा आजार ग्लँडर्स, आणि त्याचे नाव काढले की बाजार गप्प होतो. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आतल्या पडद्यावर जखमा, फुप्फुसात गाठी, पायांवर फुटणारे फोड. माणसालाही तो होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. लस नाही. इंग्रजांनी १८९९ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला होता; २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने त्याची जागा घेतली. बरीच वर्षे शांत असलेला हा रोग २००६मध्ये आपल्याच राज्यात, पुणे आणि पाचगणीच्या परिसरात, पुन्हा उघडकीला आला आणि त्यानंतर देशात ठिकठिकाणी सापडत राहिला. रक्ताच्या तपासणीत तो निश्चित झाला की घोड्याला वेदनारहित मृत्यू द्यावा लागतो. मालकाच्या दृष्टीने ही भयंकर गोष्ट आहे. एकच घोडा असलेल्या, त्याच्यावरच घर चालणाऱ्या माणसाने तपासणी टाळावी, यात मला गुन्हेगारी दिसत नाही, भीती दिसते. भरपाई पुरेशी आणि वेळेवर मिळाली तरच तो स्वतःहून रक्त तपासायला येईल. घोडा विकत घेणाऱ्याने मात्र यात कोणतीही भीड ठेवू नये. अलीकडच्या तारखेचा, ग्लँडर्स नसल्याचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत, कारण तो घोडा त्याच्या मुलांच्या अंगणात उभा राहणार असतो.

रेसच्या घोड्यांचे दोन आजार वेगळे आहेत. सारंगखेड्यात त्यांची चर्चा कमी होते, तरी त्यांची ओळख हवी. जोराने पळताना घोड्याच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब विश्रांतीच्या तिप्पट-चौपट होतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा अतिशय पातळ असतो, तो कुठेकुठे फाटतो आणि रक्त श्वासमार्गात येते. नाकातून रक्त थोड्याच घोड्यांच्या येते. बहुतेकांचे आतच राहते आणि एंडोस्कोपच्या नळीतून पाहिले तरच दिसते. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बार्टलेट्स चाइल्डर्स नावाचा घोडा होता. नाकातून रक्त येते म्हणून त्याला ब्लीडिंग चाइल्डर्सच म्हणत आणि तो कधी शर्यतीत उतरला नाही. त्याच्याच वंशात पुढे इक्लिप्स जन्मला, ज्याचे रक्त आजच्या बहुसंख्य थरोब्रेड घोड्यांत आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १८८३पासून घोडे पळत आहेत. अशा रेसकोर्सवर नाकातून रक्त आलेल्या घोड्याची नोंद होते, डॉक्टर तपासतात, काही काळ त्याला पळू दिले जात नाही. यात्रेच्या शर्यतीत नाकपुडी ओल्या फडक्याने पुसली जाते आणि पुढची फेरी सुरू होते.

दुसरा आजार घोरण्याचा. स्वरयंत्राचा डावा पडदा उघडणारी नस छातीत उतरून, मोठ्या धमनीला वळसा घालून परत घशात येते. हा लांबचा रस्ता आहे, आणि उंच घोड्यात ती नस अधिक लांब असते व अधिक वेळा निकामी होते. मग पळताना श्वास आत घेताना शिट्टी किंवा घोरल्यासारखा आवाज येतो. आपल्या बाजारात दर इंचामागे भाव वाढतो. उंचीचा हा दुसरा हिशेब कोणी सांगत नाही. रवाल चालीत हा आवाज ऐकू येईलच असे नाही. घोडा मोकळ्या जागेत दोन-तीन मिनिटे वेगात फिरवायला लावावा आणि डोळे मिटून ऐकावे.

नंदुरबारच्या घोडेवाल्याची खरी अडचण अशी की शंका आली तरी पुढे जायचे कुठे. यात्रेत पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर असतात आणि त्यांच्यावर प्रचंड भार असतो. पण घोड्यांच्या घशात उतरवायचा एंडोस्कोप, छातीची सोनोग्राफी, कफाची तपासणी यांसाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. रेसच्या जगात हे सगळे रोजचे आहे, कारण तिथे पैसा आहे. देशात घोड्यांच्या दोन जाती जगतात, असे म्हणायची वेळ येते. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्ण मिळवले, अश्वारोहणात तब्बल ४१ वर्षांनी, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. आनंदाची गोष्ट. त्या घोड्यांची निगा युरोपात, तिथल्या सोयींसह झाली. सारंगखेड्याचा मारवाडी घोडा त्या स्पर्धेत उतरणार नाही, पण त्याच्या फुप्फुसाची रचना तीच आहे आणि त्याचा हक्कही तेवढाच आहे.

सुदैवाने सगळ्यालाच यंत्र लागत नाही. दूर पल्ल्याच्या एंड्युरन्स शर्यतींत, ज्या मारवाडी घोड्याला शोभतात, एक चांगला नियम आहे. प्रत्येक टप्प्यानंतर ठरलेल्या मिनिटांत घोड्याचे ठोके ६४वर किंवा त्याखाली आले पाहिजेत, नाहीतर तो बाद. त्यासाठी एक स्टेथोस्कोप, एक घड्याळ आणि एक निःपक्षपाती डॉक्टर पुरतो. चेतक फेस्टिव्हलच्या शर्यतींना हा नियम लावता येईल. पहिला आलेला घोडा दहा-पंधरा मिनिटांनीही धापाच टाकत असेल, तर त्याचे बक्षीस रोखावे. पहिल्या वर्षी ओरड होईल. दुसऱ्या वर्षी लोक घोडे नीट तयार करून आणतील.

संयोजकांच्या हातात आणखीही बरेच आहे. दिवसातून दोनदा टँकरने रस्त्यांवर आणि पळण्याच्या पट्टीवर पाणी मारणे. शेकोट्यांना दावणीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जागा. खोकणाऱ्या, शेंबूड वाहणाऱ्या घोड्यांसाठी मैदानाच्या टोकाला वेगळी दावण, आणि तिथे घोडा बांधला म्हणून मालकाची बदनामी होणार नाही अशी वागणूक. प्रत्येक राज्याच्या घोड्यांना वेगवेगळ्या पाणवठ्याची सोय. प्रवेशाच्या ठिकाणी ट्रकातून उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याचा ताप मोजून त्याची नोंद. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही. लाखो भाविकांची व्यवस्था पाहणाऱ्या यात्रेला हे जमण्यासारखे आहे.

आणि जो शहाद्याचा, तळोद्याचा किंवा शिरपूरचा शेतकरी या वर्षी हौसेने घोडी घेऊन घरी जाईल, त्याच्यासाठी शेवटचे काम घरीच आहे. घरच्या जुन्या घोड्यांपासून, शिंगरांपासून नवीन घोडीला तीन आठवडे वेगळे बांधायचे, शक्य तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तिची बादली, तिचा खरारा, तिची मोहरकी वेगळी. आधी घरच्या घोड्यांना वैरण-पाणी, मग तिला, आणि मग हात धुऊन घरात. रोज सकाळी तिचा ताप मोजून वहीत लिहायचा. ती शांत उभी असताना कुशीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे आणि तेही लिहायचे. आठवडाभरात तिचा नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या सकाळी तो दीडपट झाला, तर घोडी खातेय म्हणून थांबायचे नाही, त्याच सकाळी डॉक्टरांना फोन करायचा.